फोटोतली ती हिरवी कोर चंद्र नाही आणि राहू तर नाहीच नाही

ग्रहण जवळ आलं की आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर तोच फोटो परत फिरायला लागतो. २६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण, म्हणे पर्वतीवरून मोबाईलवर काढलंय, वरती डावीकडे पांढराफेक गोल गरगरीत सूर्य आणि खाली उजवीकडे छोटीशी हिरवट कोर. सोबत मेसेज: "चंद्र बघा, सूर्यासमोर आलेलाच नाही, बाजूला आहे. सूर्य अख्खा आहे. मग ग्रहण लावलं कोणी? राहूने. नासा हे दाखवणार नाही." यावेळी आमच्याच मजल्यावरच्या काकांनी टाकला, म्हणून लिहूनच टाकतो.

"सूर्य अख्खा आहे." नाहीये हो. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आसपास पुण्यातून जवळजवळ पाऊण सूर्य झाकलेला होता, पण उरलेला पाव सूर्यसुद्धा मोबाईलच्या सेन्सरला झेपत नाही, उजेड आजूबाजूला सांडतो आणि कोरीचा पांढरा गोळा होतो. आणि गंमत म्हणजे त्या फोटोत ग्रहणाचा खरा आकार एकाच ठिकाणी दिसतोय, तो म्हणजे त्या हिरव्या कोरीत! ती कोर म्हणजे सूर्यच आहे. लेन्समधून आत आलेला थोडासा उजेड सेन्सरवरून उलटा फिरतो, पुढच्या काचेवर आपटून परत सेन्सरवर येतो आणि दुसरं, एकदम फिकट चित्र उमटतं, फिकट असल्यामुळे त्याचा पांढरा गोळा होत नाही आणि आकार शाबूत राहतो. हिरवा रंग काचेवरच्या कोटिंगमुळे. ह्यालाच लेन्स फ्लेअर म्हणतात, फोटोवाले घोस्ट पण म्हणतात (आता ह्या शब्दावरून नवीन फॉरवर्ड निघू नये म्हणजे मिळवली).

पुरावा पाहिजे तर फोटोच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा. मी स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं, मध्यापासून सूर्य सव्वातीन सेंटीमीटर, समोरच्या बाजूला कोर पण सव्वातीन, दोन्ही एका रेषेत. आकाशातल्या चंद्राला काकांच्या फोटोचा मध्य कुठे येणार हे आधीच कसं कळलं? शिवाय कोर उलटी आहे. कंकणाकृतीचा पट्टा आपल्या दक्षिणेला केरळ-तामिळनाडूतून गेला, म्हणजे पुण्यात सूर्याची वरची बाजू उघडी राहिली, आणि फोटोतली कोर खालच्या बाजूला फुगलेली.

"पण तो चंद्रच दिसतोय." त्या दिवशी अमावास्या होती. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, चंद्राची उजेडाची बाजू तेव्हा पलीकडे असते, आपल्याकडे अंधारी बाजू. कोर दिसणार कुठून? आणि सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षाही सुमारे ४ लाख पट तेजस्वी, त्याच्या शेजारी कोर मोबाईलमध्ये येणं विसराच.

"इतक्या जणांच्या फोटोत आलंय, सगळ्यांची लेन्स खराब का?" खराब नाहीये कोणाचीच, सगळ्यांच्या फोनमध्ये एकामागे एक काचा असतात म्हणून सगळ्यांना येतं. त्याच मेसेजमधले बाकीचे फोटो नीट बघा, एकात कोर सूर्याच्या डावीकडे, एकात डोक्यावर, एका ग्रहणात राहू किती ठिकाणी पळणार? रात्री बाल्कनीतून रस्त्यावरच्या एलईडी दिव्यावर फोन धरा आणि हळूहळू हलवा, हिरवा ठिपका दिव्याच्या उलट दिशेला पळतो. पौड रोडवर रोज ग्रहण.

सूर्याजवळचा षटकोनी डाग दाखवून "हे यान" म्हणणारे फोटोही फिरतात, ते मोठ्या कॅमेऱ्याचे असतात, तो आकार लेन्सच्या आत उजेड कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या पात्यांचा. सहा पाती, षटकोन. संपलं.

राहिला राहू. तर ज्या पंचांगात काका ग्रहणाचे वेध बघतात, त्यात स्पर्श आणि मोक्षाची, म्हणजे ग्रहण लागण्याची आणि सुटण्याची, वेळ मिनिटापर्यंत छापलेली असते, ती सूर्य-चंद्राच्या गतीवरून काढलेली असते. ज्योतिषगणितात राहू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो त्या दोन बिंदूंपैकी एक. चंद्र सूर्याला झाकतो हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय, तेव्हा नासा नव्हती.

आता २ ऑगस्ट २०२७ ला पुण्यातून खंडग्रास ग्रहण आहे, ऑगस्टात आपल्याकडे सूर्य दिसला तर. तेव्हा कोणाला कोर मिळाली तर मला फोटो जरूर पाठवा, फक्त क्रॉप न करता ओरिजिनल पाठवा, क्रॉप केला की मध्य सरकतो आणि माझी पट्टी उपयोगाची राहत नाही. आणि फोन धरताना नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका, ग्रहणाचा चष्मा लावा, गॉगल चालत नाही.