लीज्ड लाईनला राउटर नको, हा सल्ला महागात पडेल

लीज्ड लाईन म्हणजे दोन जागा जोडायला टेलिकॉम कंपनीकडून भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाईन. तिच्याबद्दल कोल्हापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: “दोन जागांत लीज्ड लाईन घेतली की राउटरवर पैसे घालू नका, उलट त्याने स्पीड पडतो. दोन्ही टोकं सरळ स्विचमध्ये घाला, आयपी रेंज एकच ठेवा. लाईन खासगी आहे, एन्क्रिप्शन नको. कंपनी ९९.५ टक्क्यांची हमी देते, बॅकअपही नको.” शाहूपुरीत ऑफिस आणि शिरोली एमआयडीसीत कारखाना असं धरून हा सल्ला तपासू.

स्विच आणि एकच रेंज. स्विच एकाच नेटवर्कमधली यंत्रं जोडतो, राउटर दोन वेगळी नेटवर्कं जोडतो; रेंज म्हणजे नेटवर्कमधल्या आयपी पत्त्यांचा गट. पहिल्या दिवशी हे चालतं, म्हणूनच लोक फसतात. दोन्ही जागा मिळून एकच नेटवर्क होतं. शिरोलीतल्या पीसीला शाहूपुरीच्या डीएचसीपीने (पीसीला आपोआप पत्ता देणारी सेवा) गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता दिला, की त्याचं इंटरनेटसुद्धा लीज्ड लाईनवरून शाहूपुरीला येऊन मग बाहेर पडतं. कारखान्यात कुणी एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली, तर लूप होऊन, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरून, शाहूपुरीचं बिलिंगही ठप्प होतं. राउटर हा गोंधळ तिथल्या तिथे अडवतो. शाहूपुरीला १९२.१६८.१०.०/२४, शिरोलीला १९२.१६८.२०.०/२४ आणि मधल्या लाईनला १०.२५५.०.०/३० द्या, एका राउटरला १०.२५५.०.१, दुसऱ्याला १०.२५५.०.२. समोरच्या रेंजचा स्टॅटिक राउट (तिकडे जायचा हाताने लिहिलेला रस्ता) दोन्हीकडे हवाच. एकीकडे राहिला तर पॅकेट पोचतं, पण उत्तर परत येत नाही, आणि खापर लाईनवर फुटतं. लाईनच्या पोर्टवर नॅट (पत्ते बदलून पाठवणं) बंद ठेवा.

राउटरने स्पीड पडतो? बहुतेक वेळा दोष डुप्लेक्सचा असतो: फुल म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने. कंपनीचा पोर्ट १०० मेगाबिट फुल असा पक्का लावलेला आणि तुमचा ऑटोवर असेल, तर तुमचा पोर्ट हाफ डुप्लेक्सवर जातो. पिंग छान येतं, फाईल कॉपी मात्र रांगते. पोर्टवरचे सीआरसी (बिघडलेली पॅकेटं) आणि लेट कोलिजनचे (उशिरा झालेल्या टकरा) आकडे बघा, दोन्हीकडे सेटिंग सारखं करा. शिवाय लाईन १० मेगाबिटची असून पोर्ट १०० चा असेल, तर कंपनी जादाचं पॅकेट सरळ टाकून देते. राउटरवर बाहेर जाणारा वेग ९.५ मेगाबिटला बांधा आणि फोनच्या कॉलना पहिला मान द्या. साध्या स्विचला हे जमत नाही.

एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून पाठवणं. खासगी म्हणजे इतरांपासून वेगळी, गुप्त नव्हे. डेटा कंपनीच्या उपकरणांतून उघडाच जातो. पगार आणि बँकेच्या फाईली जात असतील तर आयपीसेक टनेल, म्हणजे दोन राउटरांमधला एन्क्रिप्ट केलेला मार्ग करा. त्याचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० बाइट, टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) १३६० ठेवा. नाहीतर छोटे पिंग जातात आणि मोठे रिपोर्ट अर्ध्यावर अडकतात. फ्रॅगमेंट (तुकडे) न करता १३७२ बाइटचं पिंग गेलं पाहिजे. राउटर घेताना त्याचा आयपीसेकचा वेग विचारा, नुसता पोर्टचा नको.

बॅकअप नको, हा सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं लाईन बंद राहिली तरी हमी मोडत नाही. आणि शिरोलीला जाणारी केबल पंचगंगा ओलांडूनच जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. तेव्हा दुरुस्तीला माणूस पोचणार कसा? दुसरी फायबर त्याच वाटेने आली तर उपयोग थोडा. म्हणून शिरोलीत दुसऱ्या कंपनीचं ४जी सिम ठेवा. सिमला बहुधा पब्लिक आयपी नसतो, म्हणून टनेल शिरोलीकडून सुरू होऊ द्या आणि स्थिर आयपी शाहूपुरीच्या ब्रॉडबँडवर घ्या.

बॅकअप राउटचं डिस्टन्स (आकडा जास्त तितका राउटचा मान कमी) २०० ठेवलं की काम झालं, असंही समजू नका. फायबर वाटेत तुटली तरी तुमच्या राउटरपासून कन्व्हर्टरपर्यंतचा (फायबर आणि लॅन केबल जोडणारा कंपनीचा डबा) पोर्ट चालूच दिसतो, त्यामुळे मुख्य राउट हटत नाही आणि सगळा डेटा मेलेल्या लाईनवर जात राहतो. राउटरला समोरच्या १०.२५५.०.x पत्त्यावर सतत पिंग करायला लावा. त्यासाठीची सोय सिस्कोच्या राउटरमध्ये आयपी एसएलए आणि ट्रॅक, मायक्रोटिकच्या राउटरमध्ये चेक-गेटवे. हे दोन्ही टोकांना हवं, नाहीतर जाणारा डेटा सिमवरून आणि उत्तर बंद लाईनवर. कन्व्हर्टरचा अडॅप्टर यूपीएसवर आहे ना, तेही बघा. तो बऱ्याचदा भिंतीच्या सॉकेटवरच राहतो. चाचणी घेताना राउटरची लॅन केबल काढू नका, त्याने पोर्टच बंद होतो आणि बॅकअप चालला असं वाटतं. कंपनीला सांगून कन्व्हर्टरमधली फायबर काढायला लावा.