कपलर वितळला, तरी फ्यूज का उडाला नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

हर्णैच्या एका मच्छीमार नौकेवर पाणी उपसणाऱ्या पंपाचा कपलर (दोन तारा जोडणारी, आत पितळी पिना असलेली प्लॅस्टिकची डबी) वितळला होता. त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण परखडपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: कपलर वितळला त्याअर्थी पंप जास्त करंट ओढत होता, फ्यूज उडाला नाही त्याअर्थी तो चुकीच्या क्षमतेचा होता, आणि कपलर कापून, तारा पिळून, सोल्डर करून (कथिलाचा डाग देऊन) वर टेप गुंडाळली असती तर दहा मिनिटांत काम झाले असते, मी मात्र नाखव्याला विनाकारण खर्चात पाडले.

फ्यूजपासून सुरुवात करतो, कारण आपला सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. पंप ६ अँपिअर घेत होता आणि फ्यूज १० अँपिअरचा होता, म्हणजे दोन्ही ठीकच होते. पंप चालू ठेवून कपलरच्या एका बाजूच्या पिनेपासून त्याच तारेच्या दुसऱ्या बाजूच्या पिनेपर्यंत मीटर लावला, तेव्हा १.१ व्होल्ट दिसले. ते जवळपास शून्य असायला हवे, ०.१ च्या वर गेले की मला शंका येते. १.१ गुणिले ६, म्हणजे ६.६ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या पितळेत निर्माण होत होती. २५ वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न डोळ्यांसमोर आणा. त्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक उष्णता बंद प्लॅस्टिकच्या डबीत तासन्‌तास कोंडली जात होती. सांध्याचा रोध वाढल्याने करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, त्यामुळे फ्यूजला यातले काही कळण्याचा मार्गच नसतो. तो तारेच्या रक्षणासाठी असतो, कपलरच्या नव्हे.

पंपच दोषी असता, तर खुणा वेगळ्या दिसल्या असत्या. येथे तारेचे आवरण कपलरपासून दोन-तीन इंचांपर्यंत कडक आणि तपकिरी झाले होते, त्यापुढे मात्र ते नव्यासारखे मऊ होते. करंट जास्त असता तर तार सगळ्या लांबीभर तापली असती. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर उभी होती. त्या दोन महिन्यांच्या खाऱ्या दमटपणात पिनांवर हिरवट थर चढला, पकड सैल झाली, आणि ऑगस्टमध्ये पंप सुरू होताच सांधा तापू लागला. तापलेल्या पितळी पिनेचा स्प्रिंगसारखा ताण जातो, त्यामुळे पकड आणखी सैल होते आणि सांधा आणखी तापतो.

आपण त्याच प्रकारच्या कपलरचा रोध मीटरवर मोजला आणि ०.२ ओहम आला, म्हणून तो निर्दोष ठरवलात. मीटरच्या दोन टोकांच्या तारा एकमेकींना टेकवून पाहा, बहुतेक तेवढाच आकडा दिसेल. तो मीटरच्या तारांचाच रोध आहे. शिवाय त्या चाचणीत सांध्यातून अगदी नगण्य करंट वाहतो. म्हणूनच लोड (म्हणजे येथे पंप) चालू ठेवून व्होल्टेज मोजावे लागते. (त्यासाठी तारेच्या आवरणात सुई टोचू नका, खारे पाणी त्याच भोकातून आत शिरते, मीटरचे टोक कपलरच्या मागच्या बाजूने सरकवावे.)

आता सोल्डरविषयी. पिळलेल्या तारेवर सोल्डर केले की ते तारेच्या धाग्यांमधून आत ओढले जाते आणि जिथे थांबते तिथे तार कडक होते. इंजिनाच्या थरथराटाने ती नेमकी तिथेच तुटते. नौकांसाठी मानके ठरवणाऱ्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या विद्युत मानकात सोल्डर हाच सांध्याचा एकमेव यांत्रिक आधार असू नये, असा दंडक आहे. टेप तर समुद्रावर काही महिन्यांत सुटते आणि तिच्याखाली तांबे काळे पडते. म्हणून मी चकचकीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापली, कथिलाचा मुलामा दिलेली तार जोडली, योग्य मापाच्या पिना योग्य पक्कडीने क्रिंप केल्या (तारेवर दाबून घट्ट बसवल्या) आणि आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसून घट्ट बसणारी हीट-श्रिंक नळी चढवली. कपलरचे दोन्ही भाग बदलले, कारण खड्डे पडलेली जुनी पिन नव्या जोडीदारालाही लवकरच बिघडवते. खर्च वाढला तो मुख्यतः येथे, आणि तो मला योग्य वाटतो.

आपली एक हरकत मात्र रास्त आहे. मूळ लेखात गाडीच्या करपलेल्या हेडलाइट होल्डरचा उल्लेख करताना मी सगळा दोष होल्डरच्या सैल पिनांवर टाकला. मूळ ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बऐवजी कोणी १००/९० चा बसवला, तर प्रत्येक बल्ब १२ व्होल्टवर ५ ऐवजी ८ अँपिअरच्या वर घेतो. मग होल्डर कितीही चांगला असला तरी करपतो, आणि नुसता नवा होल्डर बसवणे व्यर्थ ठरते. तिथे आधी मूळ क्षमतेचा बल्ब परत बसवायला हवा. ही दुरुस्ती मी मूळ लेखात आज केली आहे.

आपल्याकडचा कपलर अजून कापला नसेल, तर लोड चालू ठेवून त्यावरचे व्होल्टेज मोजून कळवा. आकडा ०.१ च्या आत निघाला, तर मीही पंपाकडेच पाहायला सांगेन.