सबबींचा साठा संपतो तेव्हा

माझ्या कथा 'साभार परत' येतात, यात माझा काडीचाही दोष नाही. दोष संपादकांचा आहे. त्यांचा नसेल तर त्यांच्या कंपूचा, कंपू नसेल तर वाचकांच्या ढासळलेल्या अभिरुचीचा, आणि वाचकच उरले नसतील तर मोबाइलचा. इतकी मंडळी रात्रंदिवस राबत असताना अपयशाचं श्रेय मी एकट्यानं लाटणं बरं दिसत नाही.

मध्यंतरी एका मासिकानं माझी कथा छापली. त्या महिन्यात संपादक रसिक होते, वाचक चोखंदळ होते आणि कंपू ही वैफल्यग्रस्तांनी उठवलेली आवई होती.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक मला ऐकवतात. पण अंगणं वाकडी असतातही की! कुणाकडे वेळ नसतो, कुणाकडे पैसा, कुणाला बसायला धड कोपरा नसतो. फक्त ज्यांचं अंगण खरोखर वाकडं असतं, ती माणसं त्याबद्दल माझ्याइतकं बोलताना दिसत नाहीत. बहुतेक नाचण्यात गुंतलेली असावीत.

सबब मागाहून शोधतो तो नवशिका. जाणकार ती आधीच रचून ठेवतो. १९७८ साली बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कोडी घातली. काहींची कोडी सुटण्याजोगी नव्हतीच, तरी 'वा, छान सोडवलीत' म्हणून त्यांची पाठ थोपटली. मग पुढच्या फेरीआधी दोन औषधं समोर ठेवली: एक बुद्धीला धार लावणारं, दुसरं ती बोथट करणारं. आपण कशाच्या जोरावर जिंकलो हेच ज्यांना उमगलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुषांचा ओढा बोथट करणाऱ्या औषधाकडे निघाला. हरलो तर औषधामुळे, जिंकलो तर औषध घेऊनसुद्धा! (स्त्रियांमध्ये हा प्रकार तसा आढळला नाही. हा भाग मी घरी वाचून दाखवला नाही.)

मी औषध घेत नाही. स्पर्धेची अंतिम तारीख उद्यावर आल्याशिवाय मी कथेला हात लावत नाही, एवढंच. 'एका रात्रीत लिहिली हो, नाहीतर...' यातलं 'नाहीतर' मला कुठल्याही पारितोषिकापेक्षा प्रिय आहे.

ज्युलियन रॉटर या मानसशास्त्रज्ञाची १९६६ सालची एक प्रश्नावलीही मी सोडवली. विधानांच्या २९ जोड्या. प्रत्येक जोडीतलं पटेल ते एक निवडायचं. आयुष्याची सूत्रं आपण स्वतःच्या हातात मानतो की नशिबाच्या, ते त्यावरून कळतं. निकाल पाहिल्यावर प्रश्न पक्षपाती आहेत असं माझं ठाम मत झालं.

खरा घाला पडला तो एका रविवारी. "मी मुलांना घेऊन बाहेर जातेय," बायको म्हणाली, "संध्याकाळपर्यंत येत नाही. फोन दे इकडे." दार लागलं. वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग नेमकं त्याच दिवशी बंद. वीज होती. डोकं दुखतंय का म्हणून कपाळ दाबून पाहिलं, तर दुखेना. खुर्ची तरी कुरकुरेल म्हणून ती वर केली, खाली केली, मागे रेलून पाहिली. लोण्यासारखी हलत होती, मेली! बाहेर पाऊस असता तर पावसाकडे बघत बसता आलं असतं, तोही नव्हता. असा निराधार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. शेवटी नाइलाजानं लिहायला बसलो.

कथा झाली. मुदतीच्या कितीतरी आधी पाठवली. परत आली. यावेळी संपादकांनी दोन ओळी लिहिण्याची तसदीही घेतली होती: शेवट पहिल्याच पानावर कळतो.

मी तो कागद बायकोपुढे धरला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मलाही कळला होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मला एकदम हुरूप आला.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, तुला कथेतलं काही कळत नाही."