आठ रुपयांचा वॉशर

बिलाच्या सातव्या ओळीत ‘कन्झ्युमेबल्स : ६० रुपये’ असं छापलं होतं. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे काय असतं?”

समोरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पंचविशीतला, गळ्यात पट्टा, हातात टॅब. म्हणाला, “सर, ते म्हणजे फडकं, ग्रीस, वगैरे.”

“त्यातलं फडकं कितीचं?”

“सर, फडकं ग्रीसमध्येच धरलंय.”

“मग वगैरे कितीचं?”

यावर त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे बघून “या सर” म्हटलं. पुण्यात राहून मी अनेक दुकानांत असा निकालात निघालोय, त्यामुळे अपमान वाटला नाही. वाईट वाटलं ते शेवटच्या ओळीचं. २,३४० रुपये. गाडी म्हणजे सव्वाशे सीसीची मोटरसायकल, कामं दोनच सांगितली होती : ऑइल बदला आणि मागचा ब्रेक जरा कुरकुरतोय तो बघा.

सकाळी गाडी देताना याच मुलाने जॉब कार्डवर ‘अंदाजे १,१००’ लिहून माझी सही घेतली होती. शोरूममधला अंदाज हा हवामान खात्यापेक्षा भरवशाचा असतो. तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. साडेअकराला ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन आला. “सर, गाडी उघडलीय. मागचे ब्रेक शू सत्तर टक्के गेलेत. बदलू का?” आवाज असा, की ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टर अर्धवट बाहेर येऊन नातेवाइकांना विचारतात ना, तसा. उरलेल्या तीस टक्क्यांवर जिवाची पैज कोण लावणार? बदला म्हटलं. मग एअर फिल्टर. मग प्लग. मग “इंजिन फ्लश करून घेऊ का सर?” फ्लश हा प्रकार तोवर मला घरातल्या एकाच खोलीत ठाऊक होता. इंजिनालाही लागत असेल, असं समजून हो म्हटलं.

मजुरी ४५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१. माझी इथे एक जुनी जखम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मी गाडी घेतली ती त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे गाडी स्वस्त झाली ती इतरांची, आणि मजुरीवरचे १८ टक्के मात्र होते तिथेच राहिले. ‘फ्री सर्व्हिस’ संपल्या होत्या हे दुसरं दुःख. तसं फ्री सर्व्हिसमध्येही फ्री असते ती मजुरी; ऑइलचे पैसे आपलेच. लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण आणि ताटाचे पैसे वेगळे.

निघताना तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, उद्या कंपनीकडून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा शून्यच धरतात.” दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला. मी चार दिले. सहा गुण कुठे कापले हे सविस्तर सांगितलं. त्यातले दोन नुसते ‘वगैरे’चे होते.

आणि त्याच रात्री मी घरात जाहीर केलं, की यापुढे गाडीची सर्व्हिसिंग मी करणार.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “मागे मिक्सर तूच उघडला होतास ना?” एवढंच म्हणाली.

पण माझ्यामागे परंपरा होती. वडिलांकडे टू-स्ट्रोक स्कूटर होती आणि रविवारी सकाळी ते तिच्यापुढे उकिडवे बसत. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं असल्यामुळे प्लगवर काजळी धरायची. तो प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, डोळा बारीक करून फट बघायची. मेकॅनिककडे गाडी नेणं म्हणजे त्यांच्या मते हरणं होतं. त्यांचे पाने खाकी कापडात गुंडाळलेले असत आणि खंडेनवमीला देवापुढे मांडले जात; तलवारीचा मान आमच्या घरी प्लग पान्याला होता. त्या पान्यांपैकी एकही माझ्या गाडीला लागत नाही, हे मला नंतर कळलं. शिवाय १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे आवाज ऐकून स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि “आता कशी सुरात आली!” म्हणायचं, हे सुखही गेलं. आता इंजिनाला काय होतंय ते इंजिनच आपल्या सेन्सरला सांगतं. आपल्याला फक्त डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा.

ऑइल मात्र अजून हातानेच बदलता येतं. यूट्यूबवरच्या माणसाने ते चार मिनिटांत बदलून दाखवलं, त्यात त्याचा नमस्कार, निरोप आणि चॅनेल सबस्क्राइब करण्याची विनंतीही आली.

पुढची सर्व्हिसिंग जवळ आली, तसा एका शनिवारी नाना पेठेत गेलो. दुचाकीचं जे काही सुटं होऊ शकतं ते नाना पेठेत मिळतं, फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही. दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलं, मागे न बघता हात घातला आणि बरोबर तोच डबा काढला. मी अभ्यास करून गेलो होतो. मोटारीचं ऑइल मोटरसायकलला चालत नाही, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत फिरतो आणि मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं जे औषध असतं त्याने क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ बघून घ्यायचं. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. तो सुपारी चघळत ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, “बरोबर. वॉशर देऊ का ड्रेन बोल्टचा? आठ रुपये.”

इथे माझ्या डोळ्यांपुढे तो टॅब आला. फ्लश आला. वगैरे आलं. मी हसलो. सगळं ओळखून असलेला माणूस हसतो तसा.

“नको,” म्हणालो. “जुना आहे.”

त्याने खांदे उडवले. घरी येऊन हिशेब मांडला. ऑइल ३९०, सॉकेटचा सेट १,२५०, चेनचा स्प्रे ३२०, चेन साफ करायचं क्लीनर २८०, ब्रश ६०, फनेल ४०, हातमोजे ९०. एकूण २,४३०. शोरूमचे २,३४०, माझे २,४३०. आकडे तेच, नुसत्या जागा बदलल्या होत्या. पण सॉकेट सेट जन्मभराचा, असं मी मोठ्याने म्हटलं. घरात कोणी काही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठला पार्किंगमध्ये बैठक मारली. इंजिन दोन मिनिटं चालवून ऑइल कोमट केलं, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट बाहेर येतं. गाडी मधल्या स्टँडवर. खाली ऑइल धरायला माळ्यावरून एक जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणलं होतं. मग फरशीवर आडवा झालो आणि १७ नंबरचा सॉकेट इंजिनाच्या तळाशी ऑइल सोडायला असतो त्या ड्रेन बोल्टला लावला.

बोल्ट घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण आपण आडवे, बोल्ट आपल्या डोक्यावर, त्याचं तोंड जमिनीकडे. अशा वेळी घड्याळ नेमकं कुठून बघायचं? मी मनातल्या मनात भिंतीवरचं घड्याळ काढून छताला उलटं लावून बघितलं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका येऊन माझ्या पायांशी बोलू लागले. “बिघडली का?” नाही म्हटलं, सर्व्हिसिंग. “म्हणजे बिघडणार,” असं म्हणून ते खुर्ची आणायला गेले. दहा मिनिटांत तिथे काका, दोन पोरं, इस्त्रीवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी जमले. पैकी सेक्रेटरींचं लक्ष फरशीवर होतं.

बोल्ट सुटला. काळं, कोमट ऑइल आधी माझ्या मनगटावर, मग बाहीत आणि उरलेलं पातेल्यात पडलं. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला, हे कबूल करतो. तीन हजार किलोमीटरची काजळी आपल्या हाताने बाहेर काढण्यात काहीतरी आहे. कान साफ केल्यासारखं समाधान. बोल्ट पुसला, त्याच्यावरचा तो जुना वॉशर, मऊ धातूची चपटी कडी, तीही पुसली. ती एका बाजूने दबून पातळ झाली होती. पुसल्यावर छान चमकली, म्हणून तशीच बसवली. नवं ऑइल ओतलं. चेन घासली. प्रेक्षकांपैकी इस्त्रीवाल्याने “जमलं की!” म्हटलं आणि पहिल्या मजल्यावरचे काका खुर्ची उचलून निराश होऊन गेले.

वर गेलो तर बायको पातेल्याकडे बघत होती. “हे माझं कुरडयांचा चीक शिजवायचं पातेलं आहे.”

“होतं,” मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

वापरलेलं ऑइल गटारात ओतायचं नसतं, माती-पाणी दोन्ही नासतं. गॅरेजवाले ते पिंपात साठवतात आणि पुढे देतात, तिथे नेऊन द्यायचं. म्हणून ते मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून बाल्कनीत ठेवलं. संध्याकाळी आईने बाटली उजेडात धरून विचारलं, “काकवी कुठून आणलीस रे?” झाकण उघडण्याआधी मी पोचलो, हे आमच्या घराण्याचं नशीब.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. फरशीवर अडीच इंचांचा काळा डाग, त्याभोवती लाल गोल, खाली सेक्रेटरींचे दोन हात जोडलेले. बाकी मजकूर नाही. खाली गेलो. ड्रेन बोल्टच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. माझ्यादेखत तो टपकला आणि दुसरा तयार होऊ लागला.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो भांडायला जायचा. दोन पावलं टाकलीसुद्धा. मग लक्षात आलं, की जायचं कुठे? शोरूमच्या २,३४० रुपयांत फडकं, ग्रीस आणि वगैरेबरोबर एक तावातावाने बोलायचा हक्कही होता. काउंटरवर बिल आपटायचं, मॅनेजरला बोलवा म्हणायचं, आणि समोरच्याने “सॉरी सर” म्हणायचं. इथे मॅनेजर मीच आणि सॉरी सरही मीच. हा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता.

गळतंय म्हणजे सैल आहे, सैल आहे म्हणजे आवळा. सॉकेट लावून आवळला. थेंब थांबला नाही. आणखी आवळला. तरी नाही. मॅन्युअलमध्ये हा बोल्ट किती जोराने आवळायचा याचा आकडा छापलेला असतो आणि तो मोजणारा टॉर्क रेंचही मिळतो, पण माझ्याकडे होता राग, आणि राग मोजून वापरत नाहीत. पाय टेकवून एक शेवटचा हिसका दिला. घट्ट होत आलेला बोल्ट एकाएकी लोण्यात फिरावा तसा मऊ फिरला.

बोल्ट पोलादी असतो आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. दोघांत हार कोणाची, हे मला माहीत होतं. नुकतंच कळलं होतं.

गॅरेज चौकापलीकडे, साधारण चारशे मीटर. इंजिन चालू करायची सोय नव्हती, म्हणून ढकलत नेली. मागे थेंबांची रेघ उमटत होती. उद्या कोणाला मी कुठे गेलो ते शोधायचं असतं तर अडचण आली नसती. एका हाताने हँडल, दुसऱ्या हातात काकवी.

गॅरेजवाल्याने बसकण मारली, बोल्टला नुसतं बोट लावलं आणि बोल्ट त्याच्या हातात आला. त्याने बोल्टच्या आट्यांत अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा चमचमता कीस नखाने काढून मला दाखवला. मग वॉशर बघितला. बघतच राहिला.

“आटे गेलेत काका. टॅप मारून एक साइझ मोठा बोल्ट बसवावा लागेल. साडेतीनशे. ऑइल परत भरायचं, ते वेगळं.” मग माझ्याकडे वळून, “हे कोणी केलं?”

आजूबाजूला त्याचा पोऱ्या, चहावाला आणि आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“शोरूममध्ये,” मी म्हणालो.

“तरीच!” त्याने मांडीवर थाप मारली. “आठ रुपयांचा वॉशर टाकत नाहीत हो. आणि आवळलाय तर असा, जसं काय बैल बांधायचाय. अडाणी लोक भरलेत नुसते!”

“अगदीच,” मी म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. शोरूमचाच नंबर. “नमस्कार सर, आपल्या गाडीची सर्व्हिस ड्यू आहे. शनिवारची बुकिंग घेऊ का?”

“त्यांना सांगा!” गॅरेजवाला तिथूनच ओरडला. “आटे खाल्ले म्हणावं तुम्ही! गाडी घेऊन जा आणि दाखवा त्यांना!”

मी फोनवर हात ठेवून चहाच्या टपरीमागे गेलो.

“सर, तिथे कोणी काही म्हणालं का?”

“नाही, नाही. रस्त्यावर आहे.”

“ओके सर. मागच्या वेळी तुम्ही आम्हाला दहापैकी चार दिले होते. ते बदलायचे आहेत का?”

“दहा,” मी म्हणालो. “दहापैकी दहा लिहा.”