म्हणे, दही मांसाहारी!

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मावशीचा फोन. "दह्यात प्राणी असतात हे तू मला कधी सांगितलं नाहीस गं?" आवाजात चक्क राग होता. तिच्याकडचं विरजण माझ्या जन्माआधीचं. मावसोबांच्या तीन बदल्या झाल्या, घरं बदलली, पण रोज रात्री चमचाभर दही बाजूला निघालंच. ते तिनं सकाळी मोरीत ओतून दिलं आणि सट घासून पालथा घातला. कारण काय, तर भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज.

मी तो मागवून घेतला. त्याचं म्हणणं असं: विज्ञान सजीवांचे दोनच प्रकार मानतं, वनस्पती आणि प्राणी. बॅक्टेरिया हलतात, म्हणून ते प्राणी. म्हणून दही, ताक, इडली मांसाहार. पावातलं यीस्टही प्राणीच. शिवाय जंतू सगळे एकच, तेव्हा अँटिबायोटिकची एक पट्टी घरात ठेवावी, सर्दीपासून मलेरियापर्यंत चालते. आणि प्रोटीनसाठी दह्याऐवजी 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' स्पिरुलिना पावडर घ्यावी. खाली ऑर्डरचा नंबर!

पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं जंतूच बघत आलेय. त्यामुळे हे वाचून आधी हसू आलं, मग मावशीचा पालथा सट आठवला आणि डोकं तापलं.

'दोनच प्रकार' हे विज्ञान कुठलं? १७३५ सालचं. बालभारतीचं आठवीचं सामान्य विज्ञान उघडा, पहिलाच धडा 'सजीव सृष्टी व सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण'. लिनियसनं १७३५ मध्ये वनस्पती आणि प्राणी असे दोन गट केले. १८६६ मध्ये हेकेलला ते अपुरे वाटले म्हणून त्यानं एकपेशीयांसाठी प्रोटिस्टा हा तिसरा काढला. १९२५ मध्ये चॅटननं पेशीत केंद्रक, म्हणजे पडद्यातला गाभा, आहे की नाही यावरून आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी अशी वाटणी केली. १९३८ मध्ये कोपलँडच्या चार सृष्टी, म्हणजे मोठे गट, झाल्या आणि १९६९ मध्ये व्हिटाकरच्या पाच. बॅक्टेरिया मोनेरात, अमीबा प्रोटिस्टात, यीस्ट कवकांत. प्राणी वेगळे, त्यांत यातलं कुणी नाही. तेरा वर्षांच्या पोरांना हे पाठ असतं. ग्रुपवरच्या निम्म्या आज्यांच्या घरात ते पुस्तक पडलेलं असेल.

आणि समजा, हट्टानं १७३५ मध्येच बसायचं ठरवलं, तरी मेसेजवाल्यांची पंचाईतच आहे. दोन सृष्टींच्या जमान्यात बॅक्टेरियांना पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवती भिंत, असते म्हणून त्यांना पुष्कळ काळ वनस्पतींत घालत. आतड्यातल्या जंतूंना डॉक्टर अजून 'फ्लोरा' म्हणतात ते त्यातूनच आलंय. म्हणजे त्यांच्याच हिशेबानं दही भाजी ठरतं!

व्हिटाकरच्या पाच सृष्टीही आता जुन्या झाल्या. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएवरून दाखवलं की दिसायला बॅक्टेरियांसारखे काही जीव मुळात बॅक्टेरियाच नाहीत. तेच आर्किया. लांबचं कशाला, जून २०२० मध्ये आपलं लोणार गुलाबी झालं, ते अशाच मीठप्रेमी आर्कियांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. आरएनएवरून काढलेल्या या वंशवृक्षात हत्ती, झुरळ, तुम्ही आणि मी मिळून एका टोकाची बारकी डहाळी आहोत. बाकी बहुतेक झाड सूक्ष्मजीवांचं.

आता 'हलतात म्हणून प्राणी'. लाजाळू मिटते. नेच्यांच्या नरपेशी पाण्यात चक्क पोहतात. मग नेचा प्राणी का? त्यावर कडी म्हणजे दह्यातले मुख्य बॅक्टेरिया हलतच नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दह्याचा थेंब काचपट्टीवर पसरून, ज्योतीवर धरून, जांभळा रंग घालून बघितला होता. भिंगाखाली जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या बारीक माळा. काड्या लॅक्टोबॅसिलसच्या, माळा स्ट्रेप्टोकॉकसच्या. दोघांनाही शेपटी नाही, पोहणं नाही. यातलाच लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस २०१२ मध्ये भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून जाहीर झालाय. मोर, वाघ आणि हा. आणि हे जंतू पोटात जाणं पाप असेल तर आवंढा गिळणंही सोडा, कारण तोंडात ते कोटींनी असतात. श्रद्धेपोटी कुणी दही सोडत असेल तर माझं काही म्हणणं नाही. त्यात विज्ञानाचं नाव घुसडू नका एवढंच.

बरं, एक कबूल करते. डेल्फ्टच्या लेवेनहुकनं १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं, तेव्हा त्यात दिसलेल्यांना त्यानं 'छोटे प्राणी'च म्हटलं होतं. आमच्या वेळी अमीबाही प्राणीशास्त्राच्या तासाला शिकवायचे, आणि युग्लिना हा हिरवा, पोहणारा एकपेशीय जीव तर दोन्हीकडे, वनस्पतीवाल्यांकडेही. यीस्टबद्दलही मेसेजला चार आणे द्यावे लागतील: बुरशी आणि यीस्टचं घराणं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचं आहे. पण जवळचं म्हणजे तेच नव्हे. नाहीतर चुलतभावाचा सातबारा माझ्या नावावर झाला असता.

या सगळ्यावर हसून सोडून दिलं असतं. अँटिबायोटिकच्या पट्टीवर नाही. सर्दी विषाणूची. विषाणू तर पेशीही नाही, त्यावर अँटिबायोटिक काय करणार? पेनिसिलिन बॅक्टेरियाची भिंत बांधू देत नाही. ज्याला तशी भिंतच नाही त्याचं ते काय वाकडं करणार? मलेरियाचा प्लाझ्मोडियम हा केंद्रक असलेला आदिजीव. गजकर्ण ही बुरशी. प्रत्येकाचं औषध निराळं. (मलेरियात डॉक्टर कधी जोडीला डॉक्सिसायक्लिन देतात, खरं आहे. त्या परजीवीच्या पेशीत एका प्राचीन शैवालाचा अवशेष असतो, त्यावर ते चालतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, भिशी ग्रुपनं नाही.) माझ्या टेबलावर साध्या लघवीच्या इन्फेक्शनचे कल्चर रिपोर्ट (जंतू वाढवून त्यांवर औषधं तपासल्याचे) येतात, औषधांच्या यादीसमोर 'आर', 'आर', 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. अशी यादी टाईप करताना हात जड होतो. उरलेल्या पट्ट्या मनानं गिळण्याचा त्यात मोठा वाटा आहे.

राहता राहिली पावडर. स्पिरुलिनाला पूर्वी नीलहरित शैवाल म्हणत, म्हणून ती 'वनस्पती'. प्रत्यक्षात ती सायनोबॅक्टेरिया आहे. केंद्रक नाही, पक्की आदिकेंद्रकी. म्हणजे बॅक्टेरिया नकोत म्हणून दही ओतायचं आणि बॅक्टेरियाच वाळवून डब्यातून विकत घ्यायचे! वर जिवंतपणी तिचे धागे पृष्ठभागावर हळूहळू सरकतात. 'हलतं ते प्राणी' ही मेसेजची कसोटी लावली तर दही सुटतं आणि पावडर अडकते.

हे सगळं मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी दोन डबे मागवलेत गं. एक फोडलाय."

आईकडचं विरजण मुळात मावशीकडूनच आलेलं. आता त्यातलंच चमचाभर वाटीत घालून तिच्याकडे निघालेय.