गाळातला पत्रकार

मंगळवारी सकाळी इकडे ब्रिटनमध्ये कचऱ्याची बिन बाहेर ठेवून आलो आणि शाळेचा ग्रुप उघडला, तर एकशे बारा मेसेज. विषय आमचा एक वर्गमित्र. वीस वर्षं नाशिकच्या एका दैनिकात महापालिकेची बीट सांभाळली, आता नोकरी सोडून पक्ष्यांवर विनोदी लेख लिहितो. ग्रुपचा निकाल: "दमला बिचारा. बगळे मोजतोय."

माझं डोकंच सटकलं. लगेच सायमन बार्न्सचं उदाहरण फेकलं. लंडनच्या 'द टाइम्स'चा मुख्य क्रीडालेखक. ऑलिंपिकवरही लिहायचा आणि पक्ष्यांवरही, तेही असं की हसता हसता माणसाने दुर्बीण विकत घ्यावी. इकडे कुणी त्याला दमला म्हणत नाही, वगैरे. २०१४मध्ये त्याची ती नोकरी गेली, हे मात्र मी लिहिलं नाही. कशाला लिहा?

पण बगळे मोजतोय म्हणे! मित्राचा नांदूरमध्यमेश्वरवरचा, म्हणजे नाशिकजवळच्या पक्षी अभयारण्यावरचा, लेख वाचलाय का एकाने तरी? गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, आणि पाटबंधारे खात्याने ज्याच्या नावाने कपाळावर हात मारावा त्याच गाळावर दर हिवाळ्यात बदकांचे थवे उतरायला लागले. २०२०मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आणि हा पठ्ठ्या तिथलं सगळं महासभेच्या बातमीसारखं लिहितो: थापट्या बदकांचा सभात्याग, जांभळ्या पाणकोंबड्यांचा गोंधळ, विषय तहकूब. याला बीट सोडणं म्हणतात?

मग एकाने विचारलं, "तू कधी गेलायस का रे नांदूरला?"

नाही गेलो. नाशिकच्या घरापासून तासाभराचा रस्ता. निफाडला लग्नांना गेलो, द्राक्षं घेऊन परत आलो. पक्षी बघायला शिकलो ते इथे, चाळिशीत, हाइडमध्ये, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशात, थर्मास घेऊन बसणाऱ्या पेन्शनरांकडून.

मित्राच्या लेखात एक 'वारकरी' येतो. काळा, कपाळावर पांढरा टिळा, दिंडी चुकल्यासारखा पाण्यात एकटाच. फोटो शोधला. तो तर इकडे ज्याला कूट म्हणतात तोच निघाला! ऑफिसच्या वाटेवर कालव्यात रोज दिसतो. बारा वर्षं.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई, तिकडे पण असतात होय वारकरी?"