दवाखान्यातून थेट वृद्धाश्रमात नेणं म्हणजे टाकून देणं आहे का?

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा : डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला, तरीही जे आईवडिलांना घरी न आणता वृद्धाश्रमात ठेवतात, ते त्यांना टाकून देतात, हा गुन्हा आहे, तीन महिने तुरुंग आहे, आणि घरात सून असताना आश्रम कशाला? हे वाचून एखादी मुलगी आईला नको त्या अवस्थेत घरी घेऊन जाईल, म्हणून लिहिते आहे.

डिस्चार्ज म्हणजे बरं होणं, ही सगळ्यात घातक समजूत. दवाखान्यातच करावे लागतील असे उपचार संपले, एवढाच त्याचा अर्थ. खुब्याचं ऑपरेशन होऊन मिरजेतून निघालेल्या ऐंशीच्या आजीला अजून दोघांनी धरून उठवावं लागतं. ती पडूनच असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा; नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. नाकातून नळी असेल तर डोकं उंच ठेवूनच भरवायचं, नाहीतर अन्न फुप्फुसात जाण्याची भीती. ऑपरेशननंतर पुष्कळ वृद्धांना भ्रम होतो. मध्यरात्री उठायला बघतात आणि पुन्हा पडतात. शिवाय गोळ्यांचा घोळ. घरात बीपीची जुनी गोळी असते, दवाखान्यानं तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावानं लिहिलेलं असतं, आणि दोन्ही चालू राहतात. घरचा जुना डबा डिस्चार्ज कार्डाबरोबर डॉक्टरांसमोर ठेवा आणि नको त्या गोळ्या तिथंच बाजूला काढून घ्या.

कायद्याचं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २४ वं कलम खरं आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते लागू होतं ज्येष्ठाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं कुठंतरी ठेवून जाणाऱ्याला. पैसे भरून, औषधपाण्याची सोय लावून, भेटीला येत राहणाऱ्या मुलाला ते लागत नाही. उलट, घराच्या मागच्या खोलीत आईला एकटी सोडून गावाला निघून जाणाऱ्यानं ते कलम जरूर वाचावं.

सुनेचा मुद्दा वाचून मला राग आला. याच कायद्यात 'अपत्य' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात येतात. सून त्यात नाही. जबाबदारी मुलाची, कलंक सुनेला, हा कुठला न्याय? आणि विटा-खानापूर-आटपाडीकडे कित्येक घरांतली पोरं-सुना गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली. तिथं रात्री दोन वाजता कूस बदलायला घरात आहे कोण?

मेसेजात एक भीती मात्र रास्त आहे : आश्रमात हाल होतात. होतात, आणि बऱ्याचदा चुकीची जागा निवडल्यामुळे. बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठीच असतात. पडून असलेल्या माणसाला शुश्रूषेची सोय असलेलं केंद्र लागतं. म्हणून डिस्चार्जच्या आधीच जाऊन बघा, शक्यतो संध्याकाळनंतर. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी? नळी कोण बदलतं? तब्येत बिघडली तर कुठल्या दवाखान्यात नेतात, आणि नेताना सोबत कोण असतं? डिपॉझिट परत मिळतं का? उत्तरं लेखी घ्या. गोंधळ उडाला किंवा छळाची शंका आली तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि हे सगळं कायमचंच असतं, हे मेसेजानं परस्पर ठरवून टाकलंय. काही आठवड्यांचा मुक्काम, फिजिओथेरपी, वॉकर धरून संडासापर्यंत जाता येऊ लागलं की घरी, असंही करता येतं. फक्त आत जातानाच आईला तसं सांगा, आणि तिला नको असेल तर का नको ते ऐकून घ्या. कित्येकींना भीती जागेची नसते. आपल्याला न विचारता ठरवलं, याचं दुःख असतं.